फिट लांबली तर मेंदूच्या तटबंदीचं काय होतं?

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की रक्तातला प्रत्येक पदार्थ मेंदूत शिरू शकत नाही. या तटबंदीला ‘ब्लड-ब्रेन बॅरियर’ म्हणतात.

फिट म्हणजे आकडी लांबली, की हे सांधे सैल होतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन मेंदूत झिरपतं. तिथल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी ते शोषून घेतात आणि जादा पोटॅशियम व ग्लुटामेट आवरण्याचं त्यांचं काम मंदावतं. त्यामुळे पुढची फिट येणं आणखी सोपं होतं. हे दुष्टचक्रच आहे.

रक्तदाबावरच्या लोसार्टन या औषधाने उंदरांमध्ये हे चक्र रोखता आलं. पण माणसांसाठी तो सिद्ध झालेला उपचार नाही.

मग आपल्या हातात काय? फिट लवकर थांबवणं. रुग्णाला कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात काही घालू नका. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे दिला असेल, तर सांगितल्याप्रमाणे वापरा. ५ मिनिटांत फिट थांबली नाही, तर १०८ला फोन करा. आणि फिटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.