केसपेपरवरची एक ओळ का महत्त्वाची? रुग्णालयातील परिचारिकांच्या नोंदी आणि जबाबदारी

झटके आलेल्या गरोदर बाईला पुढे पाठवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिला जातो. दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. रेफर चिठ्ठीवर हा डोस आणि त्याची वेळ लिहायची राहिली, तर पुढच्या रुग्णालयात तोच डोस पुन्हा दिला जाण्याची भीती असते. हे औषध जास्त झालं की श्वास मंदावतो. म्हणूनच नोंद म्हणजे नुसती कारकुनी नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.

कोणाची जबाबदारी?

वॉर्डात नोंदी अधिपरिचारिका लिहितात. त्या तपासण्याचं काम इन्चार्ज सिस्टरचं, म्हणजे परिसेविकेचं. मोठ्या रुग्णालयात त्यावर मेट्रन असतात. उपकेंद्रातील आरोग्य सेविकांची रजिस्टरं आरोग्य सहाय्यिका पाहतात.

रोज काय लिहायचं?

- औषध तक्ता : डोस दिल्यावरच सही. दिला नाही तर कारण.
- पार्टोग्राफ : गर्भाशयाचं तोंड ४ सेंमी उघडल्यापासून सुरू. बाळाचे ठोके आणि कळा दर अर्ध्या तासाला, रक्तदाब दर ४ तासांनी. बाळंतपण उरकल्यावर भरलेला पार्टोग्राफ बाईच्या काहीच कामाचा नाही. अडलेली प्रसूती वेळेत ओळखायची म्हणून तर तो असतो.
- लसींचा फ्रिज : तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस. नोंद दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही.
- इमर्जन्सी ट्रे : दर पाळीला मोजणी, एक्स्पायरीची तारीख बघून.

शिस्त कशी बसते?

पाळी बदलताना ओव्हर टेबलावर न देता खाटेजवळ द्यावा आणि दोघींनी सही करावी. प्रत्येक रजिस्टर एकीच्या नावावर असावं. 'सगळ्यांचं' रजिस्टर कोणाचंच नसतं. इन्चार्जने आठवड्यातून एकदा कोणतेही पाच केसपेपर काढून तपासावेत आणि काय राहिलं ते त्या-त्या सिस्टरला बाजूला घेऊन सांगावं. एकच माहिती तीन वह्यांत लिहावी लागत असेल, तर आधी वह्या कमी कराव्यात.

नोंद राहिली की लगेच मेमो, हा उपाय नाही. रात्री एकच सिस्टर, त्यात बाळंतपण आणि अपघाताचा रुग्ण एकदमच आले, तर दोष मनुष्यबळाचा आहे. तो वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवावा. वेळ असूनही वारंवार टाळाटाळ होत असेल, तर मात्र कारवाई योग्यच.

चूक झाली तर?

चुकीच्या ओळीवर एकच आडवी रेघ मारावी, शेजारी सही आणि वेळ टाकावी. व्हाइटनर लावू नये. उशिरा लिहिलेली नोंद उशिरा लिहिली असंच नमूद करावं. सगळ्यात घातक म्हणजे पुढच्या तासांचं टीपीआर आधीच भरून ठेवणं.

रुग्णाचा हक्क

२००२ च्या वैद्यकीय आचार नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपाव्या लागतात. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागणी केल्यास ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. तक्रार आयोगापुढे गेली, तर सिस्टरने रात्रभर केलेली धावपळ तिथं कोणी पाहिलेली नसते. तिच्या बाजूने बोलते ती वेळ टाकून, सही करून लिहिलेली नोंदच.