उभी बसवलेली ऑप्टिकल डिस्क ड्राइव्ह
संगणकातील ऑप्टिकल डिस्क ड्राइव्ह सहसा आडवी असते. मात्र अरुंद संगणकपेटीत जागेअभावी ती उभीही बसवतात. फिरणारी सीडी वा डीव्हीडी मध्यभागी चुंबकीय पकडीने घट्ट धरलेली असल्याने उभ्या स्थितीतही वाचन व लेखन होऊ शकते. अडचण येते ती तबकडी ठेवताना. उभ्या ट्रेच्या कडेवरील लहान खुंट्या १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीला आधार देतात. ८ सेंटिमीटरच्या तबकडीपर्यंत त्या पोहोचत नाहीत व ती निसटू शकते. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हमध्ये तबकडी मधल्या चकतीवर दाबून बसवतात, त्यामुळे तेथे ही अडचण सहसा येत नाही. तबकडी फिरत असताना आडवा संगणक उभा करू नये. तिच्यावर चरे पडून माहिती कायमची नष्ट होण्याचा धोका असतो.