मानशीच्या दारातली कोळंबी

आमची वाळपई समुद्रापासून दूर. येथल्या मुलांना कोळंबी माहीत असते ती बाजारातल्या टोपलीतली. तेव्हा वाळपईच्या एका शिक्षकाने कोळंबीच्या प्रकृतीविषयी बोलावे, हे आपणांस काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु म्हादई खाली उतरते ती आमच्या सत्तरीतूनच. गांजे गावापर्यंत भरतीचा जोर तिला जाणवतो, आणि पुढे मांडवी या नावाने ती दिवाडी व चोडण बेटांना वळसा घालून समुद्रास मिळते. सत्तरीत आषाढ-श्रावणात पाऊस कोसळू लागला की खाली बेटांजवळचे पाणी गोडे होते. वैशाखात खारेपणा नदीत पुष्कळ आतवर शिरतो. कोळंबीचे सारे सुखदुःख या गोड्या-खाऱ्याच्या मेळावर अवलंबून असते.

हा मेळ माणसाने आपल्या हाती घेतला त्याला दीड हजार वर्षे होत आली असावीत. बांदोडे येथे सापडलेल्या, सहाव्या शतकाच्या सुमारच्या ताम्रपटात कोकणच्या मौर्य घराण्यातील राजा अनिर्जितवर्मन याने दिलेल्या ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे. आपण आज ज्यास खाजन म्हणतो ते हेच. खाडीकाठच्या दलदलीला चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचे बांध घालून भातजमीन उठवावयाची, आणि बांधाच्या तोंडाशी मानस बसवावयाची. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते. ना यंत्र, ना इंधन! आतील सखल भागात जे पाणी साठून राहते, ती पोंय. झडप जरा उचलून धरली की भरतीबरोबर कोळंबीची बारीक पिले पोंयीत शिरतात, तेथेच वाढतात, आणि ओहोटीच्या रात्री मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात.

या दाराचा मालक कोणी एकटा नव्हता. गावची जमीन गावकरीची असे, आणि मानशीवरील मासेमारीचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जाई. अफोंसो मेशियाच्या १५२६ च्या सनदेत तिसवाडीच्या गावकऱ्यांच्या जुन्या रूढी पोर्तुगीज राजवटीने नोंदवून घेतल्या. पुढे आमच्या पूर्वजांचा धर्म बदलला, गावकरीच्या वह्यांची भाषा बदलली, तरी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळणे कोणास चुकले नाही. पावणी घेणाऱ्यास दार आपल्या मर्जीने उघडता येत नसे. शेतात भात उभे असता खारे पाणी आत घेणे म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात मीठ ओतणे.

आता या पोंयीत कोळंबी निरोगी का राही, ते पाहा. पाणी ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा बदलता येई, कोळंबी विरळ असे, आणि बाहेरून खाद्य घातले जात नसे. याउलट आधुनिक तळ्यात एका जागी फार कोळंबी वाढवितात. उरलेले खाद्य आणि विष्ठा तळाशी कुजून अमोनिया तयार होतो. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री त्याच तो खातात. म्हणून पहाटेच्या सुमारास प्राणवायू सर्वांत कमी असतो. एका लिटरमध्ये तो तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की कोळंबी सुस्तावते, काठाशी येते. जाणता शेतकरी म्हणूनच पहाटे तळ्यावर जातो आणि रात्रभर पाणी घुसळणारी चाके चालू ठेवतो. खाजनाच्या मातीत आणखी एक गोम आहे: ती कोरडी पडून हवा लागली की आंबट होते. तेव्हा तळे भरण्यापूर्वी तिला चुना द्यावा लागतो.

खरा घात मात्र तळ्याबाहेरून आला. १९९४ च्या सुमारास भारतात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग शिरला, आणि लागण झालेली तळी थोड्याच दिवसांत रिकामी होऊ लागली. या रोगावर औषध नाही. एकाने रोगट तळ्याचे पाणी खाडीत सोडले की ते भरतीबरोबर दुसऱ्याच्या दारी जाते. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ यांच्या अर्जावर निकाल देऊन किनारपट्टीतील नव्या पद्धतीची तळी हटविण्याचा आदेश दिला, परंतु पारंपरिक पद्धतीस मोकळीक ठेवली. पुढे २००५ साली किनारी जलसंवर्धनाचा कायदा झाला. आता पिले विषाणूसाठी तपासून घेणे, आत येणारे पाणी गाळून घेणे, आणि रोगट पाणी निर्जंतुक केल्यावाचून बाहेर न सोडणे, हे करावेच लागते. प्रतिजैविकांचा मारा करणाऱ्यास कोणी शहाणा म्हणू नये. विषाणूवर त्यांचा उपाय चालत नाही.

गोव्यात या रोगाच्या जोडीला दुसरे दुखणे आहे. १९६४ च्या कूळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे आली. कसणारास जमीन मिळाली हे न्याय्यच झाले, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण कित्येक ठिकाणी भात परवडेनासे झाले, मानशीची पावणी मात्र पैसा देत राहिली. मग दार भातासाठी मिटविण्याऐवजी कोळंबीसाठी उघडे राहू लागले. खारे पाणी कायमचे आत आले की कोरगूटसारखे खारेपणा सोसणारे भातही हरते; शेत ओस पडते, आणि ओस पडलेल्या शेताचा बांध बुजविण्यास कोणी जात नाही.

बांधात खेकडा भोके पाडतो. पूर्वी अशी भोके शोधून चिखलाने बुजविण्यासाठी गावाने माणसे नेमलेली असत. बोट जाईल एवढे भोक दिसले की तो मनुष्य त्याच ओहोटीत चिखल घेऊन येई; पुढच्या भरतीपर्यंत थांबल्यास त्याच जागी हात जाई.