एका वचनाचा इतिहास

न्यायासनापुढें उभा राहिलेला साक्षीदार ईश्वराला स्मरून खरें सांगण्याची शपथ घेतो. किंवा तशी त्याची इच्छा नसेल, तर देवाचें नांव मध्यें न आणतां सत्य सांगण्याची केवळ प्रतिज्ञा करितो. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचींतहि मंत्री, न्यायाधीश व लोकप्रतिनिधि यांस हे दोन्ही मार्ग मोकळे ठेविले आहेत. यांपैकीं दुसरा मार्ग इतका साधा वाटतो कीं, तो खुला व्हावा म्हणून कोणी तुरुंगांत खितपत पडलें असेल, अशी शंकाहि मनाला शिवत नाहीं. परंतु सतराव्या शतकांत इंग्लंडांतील कित्येक विणकर, शेतकरी आणि दुकानदार यांनीं त्यापायीं घरदार गमाविलें. आणि त्यांच्या या हट्टाच्या मुळाशीं बायबलांतील एक लहानसें वचन होतें.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत, डोंगरावरील प्रवचनाच्या ओघांत, येशू शिष्यांना बजावितो कीं शपथ मुळींच वाहूं नका; तुमचा होकार हा होकार असावा आणि नकार हा नकार असावा, तेवढें पुरे. याकोबाच्या पत्रांतहि हाच उपदेश आहे. वचन सोपें, पण राज्यकर्त्यांस अडचणीचें. राजनिष्ठा, न्यायदान, अधिकारग्रहण हीं सर्व शपथेवर चाललेलीं. म्हणून धर्मपंडितांनीं या वचनाला हळूहळू अपवाद जोडले आणि त्याची धार बोथट करून टाकिली. कांहीं लहान पंथांनींच तें अक्षरशः पाळण्याचा आग्रह धरिला. त्यांत क्वेकर पंथ प्रमुख होय.

या पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स हा १६२४ सालीं लेस्टर परगण्यांतील एका विणकराच्या घरीं जन्मला व एका चांभाराकडे उमेदवारी करून वाढला. हा धनी जोडे शिवण्याबरोबर लोंकर आणि गुरें यांचाहि व्यापार करी. त्या व्यवहारांत जॉर्जनें एकदां ‘खरोखर’ म्हटलें म्हणजे तो त्यापासून ढळावयाचा नाहीं, अशी आसपासच्या लोकांची खात्री झाली होती, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. पुढें त्यानें व त्याच्या अनुयायांनीं शपथेविरुद्ध जो युक्तिवाद केला, त्याचें बीज या दुकानांत आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, शपथ घेऊन बोललेलें तेवढें खरें, असें मानलें कीं शपथेवांचून बोललेलें खोटें असण्यास मुभा मिळते. मग माणसाजवळ सत्याचीं दोन मापें राहतात. एक कोर्टांतलें आणि एक घरांतलें. दोन मापें ठेवणाऱ्या वाण्याला आपण लबाड म्हणतों. मग दोन मापांचें सत्य बाळगणाऱ्यास काय म्हणावें?

१६६० सालीं दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर राजनिष्ठेच्या शपथेची सक्ति झाली, आणि १६६२ सालीं तर शपथ नाकारणाऱ्या क्वेकरांवर खास कायदाच झाला. फॉक्स स्वतः १६६४ पासून १६६६ पर्यंत लँकेस्टर व स्कारबरो येथें बंदींत होता. तुरुंगाबाहेर असलेल्यांचे हालहि कमी नव्हते. शपथ नाहीं म्हणून साक्ष नाहीं, आणि साक्ष नाहीं म्हणून कोणी पैसे बुडविले तर दाद नाहीं. अखेर १६९६ च्या कायद्यानें त्यांच्या प्रतिज्ञेला शपथेची योग्यता दिली. परंतु तिच्या शब्दांत देवाचा उल्लेख राहिल्यामुळें पंथांतच वाद माजला, आणि तो उल्लेख १७२२ सालीं गळाला तेव्हां कोठें समाधान झालें. फौजदारी खटल्यांत तर त्यांची साक्ष १८२८ पर्यंत ग्राह्य नव्हती.

न्यायालयाचे प्रसंग आयुष्यांत एकदोनदां येतात. बाजाराचा प्रसंग रोजचा. त्या काळीं इंग्लंडांतहि घासाघीस केल्यावांचून सौदा होत नसे. दुकानदार दहा सांगे, गिऱ्हाईक पांच म्हणे, आणि दोघांसहि ठाऊक असे कीं सातांवर तुटणार. क्वेकर दुकानदाराला यांत दोन असत्यें दिसलीं. कारण दहांस नकार देतां सात घेणाऱ्याचे पहिले ‘दहा’ हे खरे नव्हतेच. म्हणून त्यानें एकच भाव ठेविला. प्रथम गिऱ्हाईक फिरकेना. न वांकणाऱ्या, कोणापुढें टोपी न काढणाऱ्या या विक्षिप्त माणसांकडे जावें कशाला? पण थोड्या वर्षांतच लहान मूल पाठविलें तरी तेथें फसत नाहीं, असा अनुभव आला आणि लोक क्वेकराचें दुकान विचारीत येऊं लागले. विद्यापीठें व सरकारी अधिकार यांचीं दारें बंद असल्यामुळें त्यांची बुद्धि उद्योगांत शिरली. १७०९ सालीं कोलब्रुकडेल येथें दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळणारा अब्राहम डार्बी, लॉइड आणि बार्कले हीं पेढीवाल्यांचीं घराणीं, फ्राय, राउंट्री आणि कॅडबरी हे चॉकलेटचे कारखानदार हे सर्व या पंथाचे.

या सचोटीला समाजाची राखण होती. कर्ज फेडतां न येणें हें शब्द मोडणेंच होय, असें मानून पंथाची सभा व्यापाऱ्याच्या हिशेबाची चौकशी करी आणि दिवाळें निघाल्यास त्याला पंथांतून काढून टाकी. तुरुंगसुधारणेबद्दल जगभर कीर्ति मिळविलेल्या एलिझाबेथ फ्राय हिच्या पतीची पेढी १८२८ सालीं बुडाली, तेव्हां तिच्या कीर्तीकडे पाहून सभेनें त्याची गय केली नाहीं.

येथवरची हकीकत वाचून एखादा चतुर वाचक म्हणेल, ‘सचोटी फायद्याची ठरली, यांत धर्म कोणता?’ आक्षेप योग्य आहे. होकाराची खरी किंमत फायदा थांबतो तेथें कळते. आणि त्याचें उदाहरण जॉन वूलमन याचें आहे. न्यू जर्सींत १७२० सालीं जन्मलेला हा तरुण एका दुकानांत कारकून होता. एके दिवशीं धन्यानें त्याला एका काळ्या गुलाम स्त्रीचें विक्रीखत लिहावयास सांगितलें. विकत घेणारा वृद्ध क्वेकरच होता. वूलमननें खत लिहिलें. पण लिहितांना त्याचा जीव कासावीस झाला, आणि गुलाम बाळगणें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे असें त्यानें दोघांसमोर बोलून दाखविलें. पुढें मात्र असें खत त्यानें हातीं धरलें नाहीं. स्वतःचें दुकान भरभराटीस येऊं लागलें, तेव्हां मन त्यांतच गुंतेल म्हणून त्यानें तें आवरलें व शिवणकामावर गुजराण केली. गुलाम राखणाऱ्यांच्या घरीं तो पाहुणा म्हणून जाई, पण गुलामांकडून घेतलेल्या सेवेचे पैसे मोजून देई. यजमान शरमे, आणि या निमूट शरमेनें जें केलें तें व्याख्यानांनीं झालें नसतें. वूलमन १७७२ सालीं इंग्लंडांत यॉर्क येथें देवीच्या रोगानें वारला. चार वर्षांनीं, १७७६ मध्यें, फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें गुलाम बाळगणाऱ्यास पंथांत थारा नाहीं असें ठरविलें. १७८३ सालीं इंग्लंडांतील क्वेकरांनीं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटांत अर्ज केला, आणि १८०७ मध्यें तो व्यापार कायद्यानें बंद झाला.

पण इतिहास स्तुतिपाठकाचें काम करीत नाहीं. १९०१ सालीं कॅडबरी कंपनीच्या कानांवर आलें कीं, पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटांतील ज्या मळ्यांतून आपला कोको येतो, तेथील मजूर नांवाला करारी, पण वस्तुतः गुलाम आहेत. कंपनीनें चौकशी केली, पत्रव्यवहार केला, माणूस पाठविला. आणि खरेदी मात्र १९०९ पर्यंत चालू ठेविली. ‘स्टँडर्ड’ पत्रानें ढोंगीपणाचा आरोप केला. कंपनीनें अब्रुनुकसानीचा दावा लावून तो जिंकला. पण पंचांनीं नुकसानभरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! त्या एका नाण्यांत सगळा अभिप्राय सांठविलेला आहे. हीं माणसें दुष्ट नव्हतीं. कामगारांसाठीं त्यांनीं उभारलेलें बोर्नव्हिल गांव आजहि प्रेक्षणीय आहे. त्यांचा नकार प्रामाणिक होता. तो फक्त आठ वर्षें उशिरां आला.

बोलण्याप्रमाणें चालणाऱ्याला आमच्या संतांनींहि वंदनीय मानिलें आहे, तेव्हां हा धडा आपणांस परका नव्हे. कठीण आहे तो घरीं चालविणें. दाराशीं कोणी नकोसा मनुष्य येतो, आणि आपण आंतून मुलाला सांगतों, ‘बाबा घरीं नाहींत म्हणून सांग.’ मूल निरोप पोंचवितें. पण त्याच क्षणीं त्याला सत्याचें दुसरें माप मिळतें. पुढें तें मोठें होऊन कचेरींत सही करितें, मालाचा भाव सांगतें, साक्ष देतें. आणि ‘त्यांत काय मोठेंसें?’ हा प्रश्न त्यानें आपल्याच ओटीवर ऐकलेला असतो. वूलमनपुढें धन्यानें ठेविलेला कागदहि असाच रोजच्या कामांतला होता. पहिल्या खेपेस तो चुकला, दुसऱ्या खेपेस चुकला नाहीं. आपणांपैकीं बहुतेकांची पहिली खेप केव्हांच होऊन गेली आहे.