ड्रेन नटचे आटे जाणे

इंजिनातील तेल काढून टाकण्यासाठी तळाला छिद्र असते. या छिद्राचे, क्वचित त्यात बसणाऱ्या बोल्टचे, आटे सोलून निघणे. वस्तू बोल्ट असली तरी गॅरेजात तिला नटच म्हणतात. नोंदीत तोच शब्द ठेवला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आट्यांना ‘चुडी’ व तेलाच्या तळभांड्याला ‘चेंबर’ हे शब्द चालतात. ‘चेंबरची चुडी गेली’ एवढ्यात रोग आणि ठिकाण दोन्ही कळते.

कारणे : छिद्र ॲल्युमिनियमच्या ओतीव मिश्रधातूत असते आणि नट पोलादी, म्हणून हार छिद्राचीच होते. १०० ते १२५ सीसीच्या पुष्कळ मोटारसायकलींचा नट १२ मिमी. व्यासाचा असून त्याच्या आट्यांतील अंतर १.५ मिमी. असते व त्याला १७ नंबरचा पाना लागतो. त्याला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आवळ पुरतो, म्हणजे २० सेंमी. लांबीच्या पान्याच्या टोकाला १२ ते १५ किलोची ओढ. पान्यात मीटरभर पाइप घातला की त्याच ओढीचा आवळ पाचपट होतो. दबून गेलेला वॉशर न बदलणे, मग थेंब दिसला म्हणून ‘अजून थोडा’ आवळणे, हा नेहमीचा क्रम आहे. नट आधी हाताने चार फेरे न बसवता थेट पान्याने फिरवला तर तो तिरका शिरतो. या भागात दोष कच्च्या रस्त्यांवर ढकलला जातो; पण दगड लागून चेंबर फुटते, चुडी सहसा हातानेच जाते.

लक्षण : आवळताना नट जड लागतो आणि एकदम हलका होतो; पुढे कितीही फिरवला तरी बसत नाही. बाहेर काढल्यावर त्याच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखे वेटोळे अडकलेले दिसते. ते छिद्राचे आटे.

दुरुस्ती : टेफ्लॉन टेप किंवा एम-सील हा गाव गाठण्यापुरता उपाय. एम-सीलने बुजवलेला नट पुढच्या वेळी छिन्नीने सोडवावा लागतो. दुसरा मार्ग मोठ्या नटचा : १२.५ मिमी.चे ड्रिल, मग आटे पाडणारा १४ × १.५ चा टॅप. भोवतालची भिंत जाड असेल तरच हे करावे. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेचे तयार वेटोळे. ते बसवले की मूळ मापाचाच नट चालतो.

टिकाऊ काम बुशचे. टर्नर लेथवर कॉलरचा बुश काढतो : आतून १२ × १.५, बाहेरून १६ किंवा १८ मिमी.चे आटे. बुश पितळेचा करावा की लोखंडाचा, यावर कारागिरांत एकमत नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात सुमारे २३ भाग प्रसरण पावते, पितळ १९ आणि पोलाद १२. त्यामुळे गरम इंजिनात पितळेचा बुश सैल पडण्याची भीती कमी. कॉलरचे तोंड छिद्राला काटकोनात हवे. ते तिरके राहिले तर नवा वॉशरही गळती थांबवत नाही. बुश आणि छिद्र यांच्यामध्ये आटे पक्के करणारा डिंक लावून तो सुकू द्यावा, तेल त्यानंतर भरावे.

मोटारसायकलीत हे छिद्र बहुधा क्रँककेसलाच असते, त्यामुळे काम गाडीवरच करावे लागते आणि धातूचा कीस इंजिनात पडू शकतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचे, अर्धा फेरा पुढे, पाव मागे, आणि दर तीन-चार फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसायचा. शेवटी नट न लावता थोडे स्वस्त तेल वरून ओतून वाहू द्यायचे. या कामात घाई करणाऱ्याला टॅप हातात देऊ नये.

आर्गन वेल्डिंगनेही छिद्र भरून नव्याने पाडता येते.

स्थानिक स्थिती : कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि बल्लारपूरची कागद गिरणी यांमुळे चंद्रपूर पट्ट्यात लेथकाम जुने आहे. १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, जिथे रेल्वे दीर्घकाळ वडसापुरतीच होती, चित्र निराळे. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा ही गावे जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. जीपचे चेंबर उतरवून पोत्यात घालून एसटीने लेथपर्यंत नेता येते. मोटारसायकलीचे क्रँककेस तसे नेता येत नाही, म्हणून तेथे एम-सीलवरच महिने निघतात.

ट्रॅक्टर : पुष्कळ ट्रॅक्टरांचे चेंबर बिडाचे असते, तक्रार कमी.

जळके तेल : इंजिनातून काढलेले हे तेल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते.