कस्टम अ‍ॅक्शनचे दोषशोधन

कस्टम अ‍ॅक्शनचे दोषशोधन म्हणजे इन्स्टॉलर पॅकेजमध्ये निर्मात्याने स्वतः जोडलेल्या आज्ञावलीतील चुका हुडकून त्या दूर करण्याची प्रक्रिया होय. हा लेख मायक्रोसॉफ्टच्या विंडोज इन्स्टॉलर या प्रणालीपुरता मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

विंडोज इन्स्टॉलरची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर आली. त्याचे एमएसआय पॅकेज हे मुळात तक्त्यांचे विदागार असते. कोणती फाइल कोठे ठेवायची आणि रजिस्ट्रीत कोणती नोंद करायची, हे त्यात लिहिलेले असते व इन्स्टॉलर त्यानुसार काम करतो. या तक्त्यांत न बसणाऱ्या कामांसाठी, उदाहरणार्थ परवाना क्रमांक तपासण्यासाठी, कस्टम अ‍ॅक्शन लिहिली जाते. ती डीएलएल, ईएक्सई किंवा स्क्रिप्टच्या रूपात असू शकते. व्हीबीस्क्रिप्ट कालबाह्य ठरवल्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले असल्याने त्या भाषेतील जुन्या कृती नव्याने लिहिणे आवश्यक झाले आहे.

दोष अवघड का ठरतात

फाइल व रजिस्ट्रीतील स्वतः केलेले बदल इन्स्टॉलर अपयश आल्यास मागे घेतो. कस्टम अ‍ॅक्शनने काय बदलले, हे मात्र त्याला ठाऊक नसते. त्यासाठी निर्मात्याला वेगळी रोलबॅक कृती लिहावी लागते आणि ती क्रमात मूळ कृतीच्या आधी ठेवावी लागते. ती नसल्यास संगणक अर्धवट बदललेल्या स्थितीत राहू शकतो.

कृती केव्हा व कोणाच्या अधिकाराने चालते, यालाही महत्त्व आहे. तात्काळ कृती पटकथा तयार होत असताना, वापरकर्त्याच्या अधिकाराने चालते. विलंबित कृती ती पटकथा प्रत्यक्ष अमलात येताना चालते आणि तिला लोकलसिस्टम या सर्वोच्च खात्याचे अधिकार देता येतात. विलंबित कृतीला इन्स्टॉलरचे बहुतेक गुणधर्म वाचता येत नाहीत. लागणारी माहिती कस्टमअ‍ॅक्शनडेटा या गुणधर्मातून आधीच पोहोचवावी लागते. हाताने चालवल्यावर बिनचूक वाटणारी आज्ञावली इन्स्टॉलरमध्ये कोसळते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

पद्धती

दोषशोधनाची सुरुवात सविस्तर नोंदवहीपासून, म्हणजे लॉग फाइलपासून होते. वापरकर्त्याला दिसणारा त्रुटी क्रमांक १६०३ केवळ स्थापना फसल्याचे सांगतो. नोंदवहीत ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ ही ओळ शोधून तिच्या वरच्या ओळी वाचल्यास अपयशी कृतीचे नाव सापडते. त्रुटी १७२० स्क्रिप्टमधील, १७२२ बाह्य प्रोग्राममधील आणि १७२३ डीएलएल चालू न शकल्याचा दोष दर्शवते. १७२३ च्या वेळी त्या डीएलएलला लागणारी दुसरी फाइल हजर आहे का, हे प्रथम पाहतात.

एवढ्याने कारण न कळल्यास डीबगर जोडला जातो. एमएसआयब्रेक या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये कृतीचे नाव दिल्यास डीएलएलमधील ती कृती सुरू होताना थांबते. नावातील रोमन लिपीची लहान-मोठी अक्षरे तंतोतंत जुळावी लागतात. विलंबित कृतीसाठी हे व्हेरिएबल संपूर्ण प्रणालीसाठी नेमून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत कृतीच्या आरंभी संदेशपेटी दाखवून ती बंद करण्यापूर्वी डीबगर जोडतात. ही संदेशपेटी अंतिम आवृत्तीत राहू देत नाहीत, कारण कोणी समोर नसताना चाललेली स्थापना तेथेच अडकून पडते.

चाचणी आभासी यंत्रावर घेतात, म्हणजे प्रत्येक प्रयत्नानंतर मूळ स्थितीत परतता येते. नवी स्थापना, दुरुस्ती, अद्ययावतीकरण, काढून टाकणे आणि मुद्दाम घडवलेले अपयश या पाचही वाटा तपासाव्या लागतात.

देवनागरी नावांचा प्रश्न

विंडोजमध्ये मराठीसाठी जुन्या पद्धतीचे एएनएसआय कोडपेज नाही. मराठीला केवळ युनिकोडचा आधार आहे. परभणीतील एखाद्या शाळेच्या संगणकावर ‘मुख्याध्यापक’ या नावाने खाते उघडलेले असेल, तर त्याच्या फोल्डरचे नावही देवनागरीत असू शकते. कस्टम अ‍ॅक्शनने एएनएसआय फंक्शने वापरल्यास अशा नावातील अक्षरांच्या जागी सहसा प्रश्नचिन्हे येतात. विंडोजमधील फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नसल्याने फोल्डर सापडत नाही आणि स्थापना फसते. इंग्रजी नावाच्या खात्यावर चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही. म्हणून युनिकोड फंक्शने वापरणे व देवनागरी नावाच्या खात्यावर चाचणी घेणे, हे दोन्ही आवश्यक ठरते.

सुरक्षितता

सर्वोच्च अधिकाराने चालणारी सदोष कृती सुरक्षेलाही बाधक ठरते. पॅकेजच्या दुरुस्तीच्या वेळी सामान्य वापरकर्त्याला सर्वोच्च अधिकार मिळवून देणारी विंडोज इन्स्टॉलरमधील एक त्रुटी (सीव्हीई-२०२४-३८०१४) मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये दूर केली. तक्त्यांच्या साहाय्याने होण्याजोगे काम कस्टम अ‍ॅक्शनकडे न सोपवणे, हा या क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे.