डाउनलोड सुसाट, अपलोड मात्र रखडत, असे का?

घरात शंभर एमबीपीएसची ब्रॉडबँड जोडणी आहे, चित्रपट न अडखळता दिसतो. पण घरच्या लग्नाची व्हिडिओ फाइल परदेशातील नातेवाइकांना पाठवायला घेतली, की पडद्यावरची पट्टी पुढे सरकतच नाही. शेजारच्या घरात दुसऱ्या कंपनीची जोडणी असते. मासिक भाडे जवळपास तेवढेच, पण तीच फाइल तिथून दोन मिनिटांत रवाना होते. असा अनुभव आला की पहिला संशय मोडेमवर किंवा संगणकावर घेतला जातो. बहुतेक वेळा दोष त्यांचा नसतो. माहिती घरात येण्याची वाट किती रुंद आणि घरातून बाहेर जाण्याची किती अरुंद, हे कंपनीने वापरलेल्या तारेने आणि तिच्या विक्रीच्या धोरणाने आधीच ठरवलेले असते.

हा फरक किती मोठा असू शकतो, ते साध्या हिशेबाने कळते. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे एक गिगाबाइटची फाइल म्हणजे सुमारे ८,००० मेगाबिट. अपलोडचा वेग १ एमबीपीएस असेल, तर ती पाठवायला सव्वादोन तास लागतात. १० एमबीपीएसला साधारण तेरा मिनिटे आणि १०० एमबीपीएसला अवघे ८० सेकंद.

दूरध्वनीच्या तारेचा वारसा

भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम या सरकारी कंपन्यांनी जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवा सुरू केली. ती घरात आधीच असलेल्या दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून आली. या तंत्राचे नाव 'एडीएसएल'. त्यातील पहिल्या 'ए'चा अर्थच मुळी 'असमान' असा आहे. माणसाच्या संभाषणाला तारेतील चार किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. त्याच्या वरच्या भागापैकी साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झ अपलोडला आणि १३८ ते १,१०४ किलोहर्ट्झ डाउनलोडला देण्यात आले. म्हणजे वाटणी सुमारे एकास नऊ अशी झाली. परिणामी डाउनलोडला ८ एमबीपीएसपर्यंत वाव मिळाला, तर अपलोड एक एमबीपीएसच्या आसपास अडकले.

या पक्षपाताला दोन कारणे होती. त्या काळात घरातील ग्राहक प्रामुख्याने संकेतस्थळे वाचत असे. पाठवायचे ते फक्त ई-मेल. दुसरे कारण तांत्रिक आहे. एक्स्चेंजपाशी शेकडो घरांच्या तारा एकाच जुडग्यात एकत्र येतात. घरापासून निघालेला संदेश तिथे पोहोचेपर्यंत क्षीण झालेला असतो, तर एक्स्चेंजमधून नुकताच निघालेला संदेश जोरकस असतो. दोघांना एकच पट्टा दिला, तर शेजारच्या तारेतून झिरपणाऱ्या जोरकस संदेशात हा क्षीण संदेश बुडून जाईल. म्हणून अपलोडला वेगळा आणि तारेत कमी क्षीण होणारा खालचा पट्टा देण्यात आला.

केबलच्या जाळ्यातील गोंगाट

दूरचित्रवाणीच्या केबलवरून इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांची अडचण निराळी आहे. ही केबल वाहिन्या घरोघरी पोहोचवण्यासाठी टाकलेली, म्हणजे एकाच दिशेच्या वाहतुकीसाठी. पुढे तिच्यावर परतीची वाट काढली गेली, तेव्हा वाहिन्यांच्या खाली उरलेला अरुंद पट्टा अपलोडच्या वाट्याला आला. अमेरिकेत तो ५ ते ४२ मेगाहर्ट्झ आणि युरोपात ५ ते ६५ मेगाहर्ट्झ असा होता. डाउनलोडला मात्र त्याच्या वरचे शेकडो मेगाहर्ट्झ मोकळे राहिले.

त्यात भर गोंगाटाची. एखाद्या घरातील सैल जोड किंवा गंजलेली पिन तारेत विद्युत गोंगाट सोडते. परतीच्या वाटेवर सगळ्या घरांचा गोंगाट, ओढ्यांचे पाणी नदीला मिळावे तसा, केंद्राकडे जाताना एकत्र होतो. २०१३ च्या 'डॉक्सिस ३.१' या मानकाने अपलोडचा पट्टा २०४ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्याची मुभा दिली. मात्र त्यासाठी रस्त्यावरची उपकरणे बदलावी लागतात. हा खर्च एक कंपनी करते, दुसरी टाळते. आणि तंत्र एकच असूनही दोघींच्या अपलोडमध्ये अंतर पडते.

फायबरमध्ये अडसर कमी

काचेच्या तंतूने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने, यातील बहुतेक अडचणी दूर केल्या. घरोघरच्या फायबरसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'जीपॉन' पद्धतीत डाउनलोडसाठी १,४९० नॅनोमीटरचा आणि अपलोडसाठी १,३१० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. दोघे एकाच तंतूतून विरुद्ध दिशांना विनाअडथळा जातात. एका तंतूची एकूण क्षमता डाउनलोडला सुमारे २.५ गिगाबिट आणि अपलोडला सुमारे १.२५ गिगाबिट असते. ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. अपलोडसाठी प्रत्येक घराला केंद्राकडून क्षणांश वाटून दिले जातात आणि आपली पाळी आली की ते घर बोलते. नव्या 'एक्सजीएस-पॉन' पद्धतीत तर दोन्ही दिशांना दहा-दहा गिगाबिट मिळतात. इमारतीपर्यंत फायबर आणि तिथून घरात लॅनची तार देणाऱ्या स्थानिक कंपन्यांनाही दोन्ही वेग सारखे ठेवणे सोपे जाते.

बिनतारी घरगुती सेवांचे गणित पुन्हा वेगळे. एअरटेल आणि जिओ यांनी २०२३ मध्ये फाइव्ह-जीवर आधारलेल्या 'एअरफायबर' सेवा आणल्या. फाइव्ह-जीच्या प्रमुख पट्ट्यात एकच लहरपट्टा आळीपाळीने दोन्ही दिशांना वापरतात आणि वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला देतात. शिवाय घरावरच्या उपकरणाची प्रक्षेपणशक्ती मनोऱ्याच्या तुलनेत फारच कमी असते. नावात फायबर असले, तरी अपलोडची अपेक्षा फायबरची ठेवता येत नाही.

व्यापाराचा भाग

मग फायबर असूनही काही योजनांत अपलोड कमी का? येथे तारेची मर्यादा संपते आणि व्यापार सुरू होतो. कार्यालयांना दोन्ही दिशांना समान वेग देणाऱ्या 'लीज्ड लाइन' बऱ्याच महाग विकल्या जातात. घरगुती योजनेतच भरपूर अपलोड दिले, तर लहान कार्यालये ती महाग सेवा कशाला घेतील? उलट बाजूही आहे. कंपन्या घाऊक क्षमता घेतात, तेव्हा ती दोन्ही दिशांना सारखीच मिळते, आणि घरगुती ग्राहक मुख्यतः डाउनलोड करत असल्याने परतीची बाजू बरीचशी रिकामी असते. म्हणून स्पर्धा वाढली, की ती ग्राहकाला देऊन टाकणे फारसे जड जात नाही. जिओफायबरने २०२० मध्ये दोन्ही वेग समान असलेल्या योजना जाहीर केल्या, त्या याच पार्श्वभूमीवर.

सरकारी व्याख्येनेही अपलोडला फारसा आधार दिलेला नाही. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस ही अट घातली, ती डाउनलोडसाठी. २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस झाली, तीही डाउनलोडचीच. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२४ मध्ये डाउनलोड १०० आणि अपलोड २० एमबीपीएस असे दोन्ही आकडे निश्चित केले.

याचे महत्त्व मार्च २०२० च्या टाळेबंदीने घरोघर पटवून दिले. एकाच जोडणीवर मुलांची शाळा, आईची बैठक आणि आजोबांची डॉक्टरांशी भेट, असे तीन कॅमेरे सुरू झाले की अपलोडचीच कोंडी होते. समोरचा आपल्याला स्पष्ट दिसतो, आपण मात्र त्याला तुटक ऐकू येतो. एवढेच नव्हे, डाउनलोड होणाऱ्या माहितीची पोचपावतीही अपलोडच्याच वाटेने जाते. ती वाट तुंबली, की डाउनलोडही मंदावते.

जोडणी घेण्यापूर्वी

नवी जोडणी घेताना जाहिरातीतील एका आकड्यावर समाधान मानू नये. अपलोडचा वेग वेगळा विचारावा आणि लेखी घ्यावा. ठरावीक वापर संपल्यावर दोन्ही वेग किती उरतात, हेही विचारावे. जोडणी तांब्याची, केबलची, फायबरची की बिनतारी, याची खात्री करून घ्यावी. वेग तपासताना वाय-फाय टाळून संगणक तारेने राउटरला जोडावा आणि सकाळी व रात्री, अशा दोन्ही वेळी चाचणी घ्यावी. छायाचित्रांचा आपोआप होणारा बॅकअप रात्री उशिरा लावला, तर दिवसाची कोंडी बरीच सुटते.

इंटरनेटवर आपण आता केवळ वाचक किंवा प्रेक्षक राहिलेलो नाही. शिकवणारे, विकणारे, दाखवणारे आणि बोलणारेही आपणच आहोत. तेव्हा घरात किती येते याबरोबरच घरातून किती जाते, हे विचारण्याचा हक्क मासिक भाडे भरणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आहे.